बीजसंस्कार आणि औषधी वनस्पतींची पाने

पेरणीपूर्वी बियाण्यावर संस्कार करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याने धान्याचे बी सात दिवसपर्यंत रात्री दवात व दिवसा उन्हात ठेवावयास सांगितले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त बी दूध-तुपाने संस्कारून शेणात घोळविण्याचा विधी दिला आहे. ज्या उज्जैनशी त्याचे नाव निगडित आहे, ती नगरी १९४८ पर्यंत ग्वाल्हेर संस्थानातच होती. हे विधी आज जसेच्या तसे पाळण्याचे कारण नाही. त्यांमागील जिज्ञासा मात्र मोलाची आहे.

बी पाणी पिते ते तीन टप्प्यांनी. प्रथम ते झपाट्याने फुगते. मग पाणी घेणे मंदावते व आतील साठविलेल्या अन्नाचे पचन सुरू होते. शेवटी मूळ बाहेर पडते. दुसरा टप्पा चालू असतानाच बी पुन्हा सुकविले, तर पेरल्यावर ते लवकर व एकसारखे उगवते. १९७३ साली हायडेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपचाराला शास्त्रीय रूप दिले. मूळ फुटल्यावर सुकविलेले बी मात्र बहुधा वाया जाते.

याचा पानांशी संबंध काय? जे रोप चार दिवस आधी उगवते, त्याची पहिली पाने चार दिवस आधी सूर्यप्रकाश घेतात. त्या अन्नावर पुढची पाने पोसतात. ग्वाल्हेरकडे पावसाळा मुळातच तोकडा. तेथे हे चार दिवस थोडे नव्हेत. तथापि रोप मोठे होऊ लागले, की हा लाभ पुष्कळदा ओसरतो. पुढची वाढ माती, पाणी व दोन रोपांमधील अंतर यांवरच ठरते.

उपचारही सरसकट एक नसतो. सोनामुखीच्या बियांचे कवच टणक असते. त्या वाळूत हलकेच घासून रात्रभर पाण्यात ठेवल्यास पाणी आत शिरते. तुळशीचे बी बारीक व भिजताच बुळबुळीत होणारे. ते कोरडेच बारीक वाळूत मिसळून वरच्यावर पेरणे बरे.

येथे एक सावधगिरी अवश्य हवी. या झाडांची पाने औषध म्हणून पोटात जातात. १९७१-७२ साली इराकमध्ये पारायुक्त औषध लावलेले बियाणे लोकांनी दळून खाल्ले; रुग्णालयांत दाखल झालेल्यांपैकी ४५९ जण दगावले. म्हणून विषारी द्रव्य लावलेले बी वेगळे व कुलपात ठेवावे. शिवाय पान मोठे झाले म्हणजे त्यातील गुणही वाढला, असे समजू नये. सोनामुखीचे मोल पानाच्या लांबीरुंदीवर नव्हे, त्यातील रेचक द्रव्यावर ठरते. आणि त्याचा निर्णय प्रयोगशाळाच देऊ शकते.

पानांच्या वाढीची परीक्षा मात्र माधवगंजातील एखाद्या घराच्या गच्चीवरही करता येईल. सोनामुखीच्या शंभर बिया घ्याव्यात. पन्नासांवर संस्कार करावा, पन्नास तशाच ठेवाव्यात. माती, दिवस व पाणी सारखेच असावे. दर आठवड्यास पाने मोजावीत व चौकटीच्या कागदावर त्यांची रूपरेषा काढून चौकटी मोजाव्यात. दोन महिन्यांनंतरही फरक टिकला, तरच तो संस्कार शेतकऱ्याच्या उपयोगाचा. ऐकीव गुणवर्णनापेक्षा अशी पन्नास रोपे अधिक विश्वासार्ह साक्ष देतील.