नमुना नेमका कोणत्या पाण्याचा?

पेणमध्ये भूजलावर बोलायचे तर खारपट्टा आणि धाटाव या दोन्हींना वळसा घालता येत नाही. इकडे धरमतर खाडीलगतच्या विहिरींचा खारेपणा, तिकडे रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कारखान्यांमुळे कुंडलिकाकाठच्या पाण्याबद्दल येणारी शंका. वाद पेटला की आपण प्रयोगशाळेचा अहवाल पुढे करतो. माझे म्हणणे असे, की अहवाल खरा की खोटा हे बहुधा विहिरीच्या काठावरच ठरून गेलेले असते. यंत्र बाटलीतले पाणी मोजते. ते जमिनीखालच्या पाण्याशी इमान राखून आहे का, हे यंत्राला कळत नाही.

भूजल तपासण्यासाठी जमिनीत उतरवलेल्या निरीक्षण नळीत महिनोन्‌महिने उभे राहिलेले पाणी भूजलाची साक्ष देत नाही. हवा लागली की विरघळलेले लोह तांबूस गाळ होऊन खाली बसते आणि आर्सेनिकसारखी द्रव्ये सोबत ओढून नेते. बाष्पनशील द्रावके उडून जातात. नमुना बिघडणे म्हणजे त्यात काही बाहेरचे मिसळणे, एवढेच आपण धरून चालतो. पण त्यातून काही निघून जाणे अधिक घातक, कारण मग दूषित पाणी शुद्ध म्हणून नोंदले जाते आणि त्याविरुद्ध कोणी तक्रारही करत नाही. उभ्या पाण्यावर जुना दंडक आहे, नळीतल्या पाण्याच्या तिप्पट उपसा करण्याचा. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत १० मीटर पाणी असेल तर ते सुमारे २० लिटर. ६० लिटर उपसले की काम झाले. हाच हिशेब ४ मीटर व्यासाच्या आणि ३ मीटर पाणी असलेल्या विहिरीला लावला, तर एकपट उपशाचेच जवळपास ३८ हजार लिटर होतात. मे महिन्यात कोणत्या वाडीला हे सांगायचे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी बहुतांशी अशाच, साध्या खोदलेल्या. त्यांवर क्षार, नायट्रेट तपासावे. द्रावकांसाठी मात्र वेगळी बंदिस्त नळीच हवी. आपल्या कातळात ती नळीही बऱ्याचदा उपशाने कोरडी पडते. तिथे पंप संथ चालवून सामू, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिरावेपर्यंत थांबणे, हाच शहाणपणा.

आता एक अवघड प्रश्न. औद्योगिक वसाहतीजवळच्या एखाद्या विहिरीत क्लोरोफॉर्म सापडला, तर बोट कारखान्याकडे जाणार हे उघड आहे. पण ग्रामपंचायत त्याच विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर, टाकत असते, आणि पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफॉर्म तयार होतो. पावडर कधी टाकली, उरलेला क्लोरीन किती, याची नोंद काठावरच झाली नसेल, तर दोषी सुटतो किंवा निर्दोष अडकतो. खारपट्ट्यातही तेच. गोडे पाणी वर तरंगते, खारे तळाशी राहते. पोहऱ्याने काढलेला नमुना आणि तळातल्या पंपाचा नमुना दोन्ही खरे असूनही जुळत नाहीत. खोली आणि भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली नसेल, तर दोन्ही निरुपयोगी.

यावर खर्चाचा आक्षेप येतो. प्रत्येक नळीला तिचा स्वतंत्र बेलर, म्हणजे नमुना उपसण्याचे भांडे, देणे, स्वच्छ विहिरीकडून दूषित विहिरीकडे जाणे, डिझेल इंजिनापासून दूर उभे राहणे, यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आम्हाला अचूक आकडा नको, वर्षानुवर्षांचा कल हवा, चूक दर वेळी तीच असेल तर कल दिसतोच. खरे आहे, चूक तीच राहिली तर. प्रत्यक्षात यंदा पंप असतो, पुढच्या वर्षी दोरी आणि डबा, आणि पद्धतीतला हा बदलच आपण पाण्यातला बदल म्हणून वाचतो.

म्हणून या परिषदेने एकच ठराव करावा, असे मी सुचवतो. शुद्ध पाण्याची एक बाटली प्रत्येक फेरीत सोबत जावी, त्याच विहिरीच्या काठावर त्याच हातांनी ते पाणी दुसऱ्या बाटलीत ओतावे आणि तो कोरा नमुनाही तपासणीला पाठवावा. त्याचा निकाल आणि काठावर भरलेला नोंदकागद सोबत नसेल, तर तो अहवाल कोणत्याही बाजूने पुरावा म्हणून मांडला जाऊ नये, आपल्या बाजूनेसुद्धा.