एक प्याला आणि एक खुर्ची

पॅरिस नगरीत प्रथमच आलेल्या प्रवाशाच्या नजरेत भरते ती तेथील कॅफेंतील खुर्च्यांची मांडणी. आपल्याकडे उपाहारगृहात माणसे टेबलाभोवती समोरासमोर बसतात. पॅरिसच्या रुंद पदपथांवर मात्र वेताने विणलेल्या खुर्च्या एकमेकींना खेटून ओळीने मांडलेल्या असतात आणि त्या साऱ्यांची तोंडे रस्त्याकडे असतात. नाट्यगृहात प्रेक्षक बसावेत तशी माणसे तेथे बसलेली दिसतात. पुढ्यात परातीएवढे गोल टेबल आणि त्यावर दोन घोटांत संपेल एवढ्या कॉफीचा चिमुकला प्याला. तो प्याला केव्हाच रिता झालेला असतो; तरी समोरचा गृहस्थ वर्तमानपत्राची दुसरी घडी उलगडीत असतो आणि त्याला कोणी उठवीत नाही.

हे औदार्य आहे की व्यवहार? दरपत्रक पाहिले की उलगडा होतो. तीच कॉफी गल्ल्याशेजारच्या लांब फळीशी उभ्याने प्यायली तर बहुधा स्वस्त पडते. खुर्चीवर बसून घेतली तर महाग. या फळीवर पूर्वी धातूचा पत्रा ठोकलेला असे, म्हणून पॅरिसकर तिला अद्याप ‘झिंक’, म्हणजे जस्त, असेच म्हणतात. दोन्ही दर गिऱ्हाइकाला दिसतील असे लावावे, हा तेथील नियम. दोहोंतील फरक हे खुर्चीचे भाडे होय. ते एकदा दिले की बसणाऱ्याचा वेळ त्याचा स्वतःचा. म्हणूनच वेटर आपण होऊन बिल आणीत नाही. आपल्याकडच्या पाहुण्याला यात दुर्लक्ष वाटते आणि तो चिडतो. पण न मागता बिल पुढे ठेवणे म्हणजे ‘आता उठा’ असे सांगणे, अशी तेथील समजूत आहे. बिलात सेवेचा आकारही धरलेला असतो, त्यामुळे बक्षिसी ही खरोखरच बक्षिसी असते.

हे पेय फ्रेंचांचे नव्हे आणि ही दुकाने काढणारेही आरंभी फ्रेंच नव्हते. १६६९ साली तुर्की सुलतानाचा वकील सुलेमान आगा पॅरिसला आला आणि त्याच्या दिवाणखान्यात तेथील उच्चभ्रूंना कॉफीची चव लागली. १६७२ साली पास्कल नावाच्या एका आर्मेनियन माणसाने सें-जेर्मेंच्या जत्रेत कॉफी विकली. पुढे १६८६ साली प्रोकोपियो या सिसिलीच्या माणसाने ‘प्रोकोप’ हे कॅफे थाटले. लवकरच त्याच्या समोर फ्रान्सची मोठी नाटक मंडळी येऊन राहिली आणि नाटककार, टीकाकार व रिकामटेकडे या तिघांचीही सोय झाली. व्होल्तेर आणि दिदरो यांची ऊठबस तेथे असे. १२ जुलै १७८९ रोजी कामीय देमूलँ याने लोकांना शस्त्रे उचलण्याची हाक दिली, ती पाले-रोयाल येथील ‘कॅफे द फॉय’च्या बाहेर. दोन दिवसांनी बॅस्तीय पडली.

कॅफेपेक्षाही मोठे परिवर्तन घडविले ते रेस्तराँने. आज हा शब्द जगभर रूढ असला तरी प्रथम ते एका पदार्थाचे नाव होते. अशक्त माणसाला तरतरी आणणारे मांसाचे सत्त्व, म्हणजे ‘रेस्तोराँ’. १७६५ साली बुलांजे नावाच्या कोणा इसमाने पहिले रेस्तराँ काढले, ही गोष्ट दीर्घकाळ सांगितली जात होती. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रेबेका स्पँग या इतिहासकार विदुषीने तिला पुरावा नसल्याचे दाखविले आणि १७६६ च्या सुमारास मातुरँ रोझ द शाँत्वाझो याने हे काम आरंभिल्याचे मांडले. नाव कोणाचे, हा वाद पंडितांनी करावा. सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच.

तोपर्यंत बाहेर जेवणे म्हणजे खानावळीतील सामाईक टेबलावर, ठरल्या वेळी, पुढे येईल ते जेवणे. नेहमीची मंडळी भांड्याजवळ बसत आणि परका माणूस टोकाला. रेस्तराँने प्रत्येकाला स्वतंत्र टेबल दिले, पदार्थांची यादी दिली आणि यादीत पदार्थापुढे किंमत लिहिली. केव्हाही यावे, हवे ते मागावे, पैसे टाकावेत. कोण, कुठला हे कोणी विचारू नये. पंक्तिभेद ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिला, किंबहुना अंगावर सोसला, त्यांना या साध्याशा योजनेचे मोल फ्रेंचांहून अधिक कळावे. अर्थात आरंभीची रेस्तराँ श्रीमंतांची होती. रिकामा खिसा हाही एक पंक्तिभेदच, आणि तो पॅरिसमध्येही होता.

गरिबाला ती खुर्ची मिळवून दिली बिस्त्रोने. या शब्दाविषयी एक चटकदार आख्यायिका आहे. १८१४ साली नेपोलियनचा पाडाव करून पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक दारूच्या दुकानात ‘बिस्त्रो, बिस्त्रो’, म्हणजे ‘लवकर, लवकर’, असे ओरडत, त्यावरून हे नाव पडले म्हणे! मोंमार्त्रच्या टेकडीवरील एका भोजनालयाच्या भिंतीवर तशी पाटीही आहे. परंतु हा शब्द लिखित स्वरूपात आढळतो तो १८८० नंतरच्या दशकात. सत्तर वर्षे एखादा शब्द शहरभर वावरावा आणि कोणाच्याच लेखणीवर येऊ नये, हे संभवत नाही. भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवीत नाहीत. पाटीखाली छायाचित्र काढणारे प्रवासी ठेवतात.

बिस्त्रोची खरी हकिकत कोळशाची आहे. मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ मुलूख दरिद्री. तेथील माणसे पोटासाठी पॅरिसला येत, जशी कोकणातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. आरंभी त्यांनी पखाली नसतील, पण पाण्याच्या बादल्या खांद्यावर वाहिल्या. नळ आल्यावर ते कोळसा विकू लागले. पॅरिसकर त्यांना ‘बून्या’ म्हणत. दुकानाच्या एका भागात कोळशाच्या गोण्या आणि दुसऱ्या भागात मद्याची पिंपे. पाटीवर लिहिलेले असे, ‘मद्य व कोळसा’. कोळसा न्यायला आलेला मजूर पेलाभर मद्य घेई. मालकिणीने घरच्यासाठी चुलीवर चढविलेल्या रश्श्याचा वास त्याला येई. एक वाडगा त्याच्यापुढेही येऊ लागला, आणि हळूहळू कोळसा मागे पडून रस्सा पुढे आला. याच मुलखातील माणसांनी पुढे नामांकित कॅफेही हाती घेतली. ‘कॅफे द फ्लोर’ १९३९ साली पॉल बुबाल याने घेतले आणि जर्मनांच्या अमलाखालील कडाक्याच्या हिवाळ्यात तेथील शेगडी तापती ठेवली. सार्त्र आणि सिमोन द बोव्हार तेथे दिवसभर लिहीत बसत. त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत ऊब नव्हती, इतके साधे कारण त्यामागे होते. अस्तित्ववादाच्या चर्चेत शेगडीला सहसा जागा मिळत नाही!

बिस्त्रोतील जेवण आजही त्या चुलीची आठवण ठेवून आहे. दिवसाचा पदार्थ पाटीवर खडूने लिहिलेला असतो, कारण तो रोज बदलतो. मद्यात तासन्‌तास शिजविलेले मांस, व्हिनेगरच्या मसाल्यातील लीकचे कांदे, शेवटी कॅरामेल कस्टर्ड. उकडलेल्या अंड्यावर अंड्याचीच घट्ट चटणी घातलेला ‘अफ मायोनेझ’ हा पदार्थ इतका साधा, की त्याच्या रक्षणासाठी तेथे चक्क एक संस्था आहे. कांद्याचे सूप नाव ऐकून निर्धास्तपणे मागविणाऱ्या शाकाहारी पाहुण्याने मात्र सावध असावे. ते बहुधा गोमांसाच्या अर्कात शिजविलेले असते. जेवणाबरोबर पाव मिळतो आणि मागितल्यास नळाच्या पाण्याची सुरई, दोन्ही विनामूल्य.

यापेक्षाही स्वस्त सोय म्हणजे ‘बुइयाँ’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्युव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या मजुरांसाठी मांस आणि रस्सा यांची सोय काढली आणि तिच्या शाखा शहरभर पसरल्या. १८९६ साली निघालेले ‘शार्तिए’ आजही चालू आहे. उंच छत, पितळी खुंट्या, अनोळखी माणसाशेजारी बसणे आणि टेबलावर अंथरलेल्या कागदावरच वेटरने लिहिलेला हिशेब. भिंतीलगत लहान लहान खण आहेत. रोजचे गिऱ्हाईक आपला कापडी रुमाल तेथे ठेवून जाई. खण त्याच्या मालकीचा. ज्याचे शहरात घर नव्हते अशा कारकुनाचे एवढे तरी काही त्या भिंतीत होते.

परंतु ही सारी व्यवस्था आता क्षीण होत चालली आहे. १९६० च्या सुमारास फ्रान्सभर सुमारे २ लाख कॅफे होती असे सांगतात. आज ती ४० हजारांच्या आत आली आहेत. कारणे अनेक. दूरचित्रवाणीने संध्याकाळी माणसे घरी बसविली, दिवसा मद्य पिण्याची सवय सुटली, कामगार उपनगरांत गेले. जागांची भाडी मात्र वाढतच राहिली. १ जानेवारी २००८ पासून कॅफेच्या आत धूम्रपानास बंदी झाली. त्याबद्दल मात्र अश्रू ढाळण्याचे कारण नाही. खरा धोका स्वयंपाकघरातून आला. कारखान्यात शिजवून पिशव्यांत भरलेले रस्से ऊन करून वाढण्याचा प्रघात इतका पसरला, की २०१४ साली सरकारला कायदा करून ‘घरी केलेले’ अशी खूण ठरवावी लागली. झाकणाच्या जागी छप्पर असलेल्या पातेल्याचे ते चित्र आहे. ज्या देशात रेस्तराँ जन्मास आले, तेथे येथे स्वयंपाक होतो असे चित्र लावून सांगावे लागावे, ही गोष्ट मुकाट्याने गिळण्यासारखी नाही.

मुंबई-पुण्याच्या इराण्यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाची खुर्ची, एका चहावर काढलेला तास आणि परमुलखातून आलेला मालक, सारे तेच. व्हिएन्नाच्या थोनेत कंपनीने १८५९ साली काढलेल्या खुर्चीचा नमुना पॅरिसच्या कॅफेंतही गेला आणि इराण्यांकडेही. पुढची पिढी गल्ल्यावर बसावयास तयार नाही, हे दुखणेही दोन्हीकडे सारखेच. पॅरिसमध्ये ओव्हेर्न्यच्या माणसांची जागा प्रथम अल्जीरियाच्या कबाइल लोकांनी आणि अलीकडे अनेक ठिकाणी चिनी कुटुंबांनी घेतली. आत, भटारखान्यात, श्रीलंकेतील युद्धामुळे परागंदा झालेले तमिळ आचारी अस्सल फ्रेंच रस्सा ढवळीत असतात. सिसिलीच्या प्रोकोपियोला यात नवल वाटले नसते.

या खुर्चीचे मोल पॅरिसला दोन प्रसंगी कळले. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री दहशतवाद्यांनी कॅफेंच्या बाहेर बसलेल्या तरुण माणसांवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री शहरात एकंदर १३० जणांचे प्राण गेले. त्यानंतरच्या दिवसांत पॅरिसकर मुद्दाम बाहेर येऊन त्याच पदपथांवर बसले. दुसरा प्रसंग महामारीचा. १४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देशातील सारी कॅफे बंद झाली. मधले काही महिने उघडून ती पुन्हा मिटली. १९ मे २०२१ रोजी बाहेरच्या खुर्च्या परत मांडल्या गेल्या तेव्हा पाऊस पडत होता. तरी लोक छत्र्या घेऊन बसले.

सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रेंच सरकारने बिस्त्रो-कॅफेतील सामाजिक रीतीभातींची नोंद राष्ट्राच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. नोंदीने भाडे कमी होत नाही. त्यापेक्षा २०१७ साली पिगाल भागात निघालेल्या नव्या बुइयाँपुढील रांग अधिक बोलकी आहे. स्वस्त अंडे, स्वस्त रस्सा, गजबज आणि रांगेत उभी असलेली बरीचशी पंचविशीतील मुले. आणि २४ मार्च २०२४ रोजी, तेरा वर्षांच्या खंडानंतर, वेटरांची जुनी शर्यत पुन्हा झाली. एका हाती तबक, तबकात कॉफीचा कप, क्र्वासाँ आणि पाण्याने भरलेला पेला. अंतर दोन किलोमीटर. धावण्यास मनाई, भराभर चालायचे, आणि पाणी सांडू द्यायचे नाही.