बी घरात, रोप गॅलरीत

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आणि मागच्या खुर्च्यांवर तिळगुळासाठी थांबलेल्या भाऊसाहेबांनो,

मला विषय दिला होता ‘गच्चीवरची बाग’. तो फार मोठा आहे. मी फक्त पहिल्या चाळीस-पन्नास दिवसांवर बोलणार, म्हणजे बी टाकल्यापासून रोप कुंडीत जाईपर्यंत. आपल्या बहुतेकींची बाग तिथेच संपते.

माझी भाची बोस्टनला असते. ती मार्चमध्ये घरातल्या खिडकीत टोमॅटोचं बी लावते आणि मेच्या शेवटी रोपं बाहेर नेते, कारण तोवर तिथे हिमाची भीती असते. मला वाटलं, आपल्याकडे कुठे बर्फ पडून राहिला! थंडी ओसरली की फेब्रुवारीत सरळ कुंडीत टाकू. टाकलं. रोपं झकास आली, एप्रिलमध्ये फुलं आली, आणि सगळी गळून पडली. एक भेदरं लागलं नाही.

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचं फूल फळ धरत नाही. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. भाचीला थंडी संपायची वाट बघायची असते, आपल्याला उन्हाच्या आधी फळ धरून घ्यायचं असतं. म्हणून हिशोब उलटा लावा. फळ मार्चमध्ये हवं, तर रोप जानेवारीत कुंडीत हवं आणि बी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडलेलं हवं. पण नेमकं तेव्हाच रात्री १० अंशांच्या खाली जातात, आणि वांगी-मिरचीच्या बीला रुजायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. गॅलरीत ते बी नुसतं पडून राहतं, नाहीतर कुजतं. घरात रुजवायचं ते एवढ्यासाठी.

माझ्या सासूबाई बी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवायच्या. आमच्या घरी चूल नाही, पण फ्रिजची वरची बाजू आहे. चहाच्या कागदी कपाला बुडाशी भोक पाडायचं, निम्मी चाळलेली माती आणि निम्मं कोकोपीट-गांडूळखत भरायचं, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकायचं आणि वर प्लास्टिक झाकायचं. टोमॅटो आठवड्यात डोकं वर काढतो. मिरची दहा-पंधरा दिवस छळते. हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी झाकण काढून कप उजेडात न्या. दोन दिवस जरी अंधारात राहिलं तरी रोप सुतासारखं लांबतं आणि मान टाकतं. आपल्या बिल्डिंगमध्ये दक्षिणेकडच्या गॅलऱ्यांना हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर ऊन मिळतं. उत्तरेकडच्या मंडळींनी शेजाऱ्यांशी गोडी ठेवावी, आज तिळगुळाचा दिवस आहेच.

आता वांग्याचं सांगते, कारण मी उभी राहिले ती त्यासाठीच. सासूबाईंचं गाव केळवदच्या बाजूचं. तिथल्या परसातलं काटेरी वांगं त्या दरवर्षी एक-दोन पिवळं होईपर्यंत झाडावर ठेवायच्या आणि बी राखेत घोळून पुडीत बांधायच्या. इथे फ्लॅटमध्ये राहायला आल्या तेव्हा ती पुडी सोबत होती. त्या गेल्या त्या हिवाळ्यात मी अर्धी पुडी पेरली. मायेनं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. इवलाली रोपं वर आली आणि दोन दिवसांत आडवी झाली, बुडाशी देठ काळपट, बारीक. याला रोप कोलमडणं म्हणतात. मातीतली बुरशी करते, आणि तिला निमंत्रण देते जास्तीची ओल. मी आपल्याच हाताने घरचं बी बुडवलं. उरलेल्या पुडीला दोन वर्षं हात लावायची हिंमत झाली नाही, आणि ठेवलेलं बी तर दरवर्षी कमजोर होत जातं.

तिसऱ्या वर्षी उरलेली १९ बियाणं मोजून टाकली. पाच उगवली, चार जगली. या वेळी पाणी वरून घातलंच नाही. कप ताटलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा आणि काढायचा, तेही मातीचा वरचा थर सुकल्यावर, सकाळीच. कपांत अंतर, वारा खेळता. पेरण्याआधी मातीत ट्रायकोडर्माची पावडर मिसळली होती, ती कृषी केंद्रात मिळते. चारपैकी एका झाडावर दोन वांगी पिकू दिली. घरात सगळे भरताकडे बघत होते, मी दिली नाही. गच्चीवर दुसऱ्या जातीचं वांगं ठेवलं नाही, कारण माश्या-भुंगे परागाची सरमिसळ करतात. रोपवाटिकेत टोमॅटो-मिरचीची रोपं हवी तेवढी मिळतात, खुशाल विकत आणा. हे वांगं मात्र तिथे मिळत नाही. आणि दुकानातल्या हायब्रीडचं बी धरू नका, पुढच्या वर्षी ते तसंच येत नाही.

रोप कुंडीत जाण्याआधी आठवडाभर त्याला बाहेरची सवय करा, पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, मग वाढवत न्यायचं. लावायची तारीख मी अशी लक्षात ठेवते: राम गणेश गडकरी आपल्या सावनेरात गेले ती २३ जानेवारी, साल १९१९. त्याच्या आसपास संध्याकाळी रोप लावायचं. काकडी, दोडका, कारलं यांचं बी मात्र आत्ता कपात टाका, दोन-तीन पानं आली की मुळं न दुखवता कपासकट लावा, बूड तेवढं फाडा. भेंडी, गवार, सांबार यांची रोपं करायची नाहीत, थेट कुंडीत.

कूलरचं उरलेलं पाणी झाडांना घालू नका. वाया जाऊ नये हे खरं, पण त्यात क्षार साठलेले असतात. मार्चअखेर हिरवी नेट बांधा. कुंड्या विटांवर ठेवायच्या, स्लॅबवर नाही, हे सचिवसाहेबांनी तीनदा सांगायला सांगितलं आहे. एकदा सांगितलं.

आज वाण म्हणून प्लास्टिकचा डबा आणलेला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला टाकलेल्या त्या वांग्याची ३२ रोपं आहेत, घरटी एक. पोरांचे हात पोचू नयेत म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आहेत. आज पाणी घातलेलं आहे, आता परवापर्यंत घालू नका. आणि कोणाकडे झाड चांगलं धरलं, तर एक वांगं पिवळं होऊ द्या आणि मला कळवा, माझं झाड गेलं तर मी तुमच्याच दाराशी येणार आहे.