अस्थिसंधानाची उमेदवारी

पुण्याला ‘फेलो’ हा शब्द नवा नाहीं. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे तरुणपणीं दक्षिणा फेलो होते, हें येथील सुशिक्षित घरांतून ठाऊक आहे. पदवी मिळाल्यावरहि शिकत राहावें आणि शिकतां शिकतां दुसऱ्यांस शिकवावें, असा त्या पदाचा अर्थ होता. आज त्याच नांवाचा एक निराळा विद्यार्थी पुण्याच्या रुग्णालयांतून रात्रंदिवस वावरत असतो. त्याच्या हातांत ग्रंथांपेक्षां छिन्नी, हातोडी आणि पाना हींच हत्यारें अधिक वेळ असतात. मोडलेले हातपाय जोडण्याची आणि नष्ट झालेलें हाड पुन्हां घडविण्याची विद्या तो शिकत असतो. श्रोतेहो, आजचे चार शब्द त्याच्या उमेदवारीविषयीं आहेत.

हा उमेदवार कांहीं कोवळा मुलगा नव्हे. वैद्यकीय पदवीचीं साडेपांच वर्षें आणि अस्थिशल्यशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचीं तीन वर्षें पुरीं करून तो येथें येतो. वय तिशीला टेकलेलें असतें. बरोबरीच्या मित्रांनीं स्वतःचे दवाखाने थाटलेले असतात, आणि घरचीं माणसें “आतां आणखी किती शिकणार?” असें विचारीत असतात. तरीहि सहा महिन्यांची किंवा वर्षाची फेलोशिप तो पत्करतो. नाशिकचें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असे अभ्यासक्रम चालवितें, आणि डॉ. कांतिलाल संचेती यांनीं उभारलेल्या, शिवाजीनगरच्या अस्थिरुग्णालयासारख्या संस्थांमुळें या शास्त्रांत पुण्याचें नांव पूर्वींपासूनच आहे.

असा एखादा फेलो कोथरूडांत खोली घेऊन राहतो. एके काळचें हें शेतमळ्यांचें खेडें आज माणसांनीं आणि दुचाकींनीं गजबजून गेलें आहे. पौड रस्ता पश्चिमेकडे चढत जातो आणि चांदणी चौकांत मुंबई-बंगळूर महामार्गाला भेटतो. तेथील जुना पूल २०२२ सालीं पाडला आणि २०२३ सालीं नवे रस्ते खुले झाले. रस्ते रुंद झाले, वाहनांची गति वाढली. हाडें मात्र पूर्वीं होतीं तेवढींच बळकट राहिलीं आहेत.

पावसाळ्यांतील रात्रीं त्याच्या खोलींत दूरध्वनि खणखणतो, तो बहुधा दुचाकीच्या अपघाताचा. एखाद्या तरुणाची नडगी मालमोटारीखालीं सांपडलेली असते. नडगीच्या हाडावर पुढच्या अंगाला मांस नाहीं, नुसती कातडी आहे. त्यामुळें तें मोडलें कीं पुष्कळदां कातडी फाडून बाहेर येतें आणि रस्त्याची माती जखमेंत शिरते. अशा वेळीं फेलोनें प्रथम पायाकडे पाहावयाचें नसतें. श्वास चालू आहे ना, पोटांत किंवा छातींत रक्तस्राव नाहीं ना, हें आधीं पाहावयाचें; आधीं प्राण, मग पाय. त्यानंतर जंतुनाशक औषध शिरेंतून शक्य तर पहिल्या तासाभरांतच द्यावयाचें, आणि पावलाची नाडी बोटांनीं चांचपावयाची. नाडी लागत नसेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवावें लागतें; कारण रक्त न मिळालेलें मांस सुमारें सहा तासांपलीकडे तग धरीत नाहीं.

पुढचें काम जखम धुण्याचें. ऐकावयास हें हलकें वाटतें, परंतु सगळ्या शस्त्रक्रियेंत शिकावयास हेंच कठीण. मेलेलें मांस आणि सुटे झालेले हाडाचे तुकडे दयामाया न दाखवितां काढावे लागतात. भिडेनें राहूं दिलेल्या तुकड्याभोंवतीं पुढें पू धरतो. मग पायाच्या बाहेरून सळयांचा तात्पुरता सांगाडा बसवून हाड स्थिर करतात, आणि कांहीं दिवसांत सुघटन-शल्यविशारद दुसरीकडचें मांस व कातडी आणून जखम झांकतात. गस्टिलो आणि अँडरसन या दोन शल्यविशारदांनीं १९७६ सालीं अशा उघड्या अस्थिभंगांच्या तीन पायऱ्या ठरविल्या. तिसऱ्या पायरीच्या शेवटच्या प्रकारांत पायाची मुख्य रक्तवाहिनीहि तुटलेली असते. खरा पेंच तेथें पडतो.

दाराबाहेर त्या तरुणाची आई उभी असते. ती विचारते, “डॉक्टर, पाय वांचेल ना हो?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणणें सोपें आहे, आणि ‘हो’ म्हणावें असेंच कोणाहि सहृदय माणसाला वाटतें. परंतु पाय वांचविणें म्हणजेच माणसाला उभें करणें, हें नेहमींच खरें ठरत नाहीं. अमेरिकेंत आठ रुग्णालयांतील ५६९ रुग्णांची पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. कांहींचा पाय राखला होता, कांहींचा कापला होता. दोन वर्षांनीं दोन्ही गटांतील माणसांच्या एकंदर हिंडण्याफिरण्यांत आणि जगण्यांत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. आपल्याकडे कोइंबतूरच्या गंगा रुग्णालयानें कातडी, हाड, मांस आणि रुग्णाची एकंदर प्रकृति यांना गुण देणारी एक पद्धति बसविली व २००६ सालीं प्रसिद्ध केली. गुण चौदापर्यंत असतील तर पाय राखावा, सतरा किंवा अधिक असतील तर कापण्याचा विचार करावा, असें ती सुचविते. पण मधले पंधरा आणि सोळा? तेथें आंकडे मुके होतात, आणि माणसालाच विचारावें लागतें.

तो कोणतें काम करतो, घरांत मिळवतें आणखी कोण आहे, पांच-सहा शस्त्रक्रिया आणि वर्षभराची खाट त्या घराला पेलेल काय, हें विचारल्यावांचून निर्णय पुरा होत नाहीं. पुण्याच्याच दुसऱ्या टोंकाला वानवडीस सैन्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. चांगला कृत्रिम पाय लावून कामावर परतलेलीं माणसें या शहरानें पुष्कळ पाहिलीं आहेत. अखेरचा शब्द वरिष्ठ शल्यविशारदांचा आणि रुग्णाचा. परंतु रात्रीं दोन वाजतां त्या आईजवळ बसून, खोटा धीर न देतां आणि धीर न खचवितां, हें सारें सांगणें फेलोच्या वांट्याला येतें. त्याच्या उमेदवारीचा हा सर्वांत अवघड पाठ होय, आणि तो कोणत्याहि पुस्तकांत दिलेला नाहीं.

पाय राखण्याचें ठरलें, आणि हाडाचा चांगला सहा सेंटिमीटरचा तुकडाच नाहींसा झाला असेल, तर तो आणावयाचा कोठून? याचें उत्तर सैबेरियांतून आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर कुर्गान या आडगांवच्या भागांत जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या गाव्रिल इलिझारोव्ह यांनीं १९५१ च्या सुमारास पोलादी कडीं आणि ताणलेल्या तारा यांचें एक यंत्र बनविलें. हाड हळुवार कापून त्याचीं टोंकें अगदीं सावकाश दूर नेलीं, तर मधल्या पोकळींत शरीर स्वतःच नवें हाड विणतें, असें त्यांना आढळून आलें. जगाला हें उशिरा कळलें. कार्लो मौरी या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षें न जुळलेला पाय १९८० सालीं कुर्गानला बरा झाला, आणि पुढच्याच वर्षीं इटलीनें इलिझारोव्ह यांना व्याख्यानास बोलाविलें. महाराष्ट्रांत मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांनीं ही विद्या रुजविली. ती शिकावयास तरुण शल्यविशारद त्यांच्याकडे जात आले आहेत.

या उपचाराची गति दिवसाला एक मिलिमीटर. तीहि एकदम नव्हे. पाव मिलिमीटर, दिवसांतून चार वेळां. आणि तो पाना रुग्णालयांत नव्हे, घरींच फिरवितात. कोथरूडच्या एखाद्या घरांत सकाळीं सहा, दुपारीं बारा, संध्याकाळीं सहा आणि रात्रीं झोंपतांना, घड्याळ पाहून वडील मुलाच्या पायावरच्या कड्याची चकती पाव फेरा फिरवितात, आणि आई वहींत खूण करते. सहा सेंटिमीटरला साठ दिवस लागतात. नंतर तें कोवळें हाड पिकून कठीण होईपर्यंत कडीं काढतां येत नाहींत. असे एकूण आठ-नऊ महिने जातात. तारांच्या तोंडाशीं पू होतो, घोटा आखडतो, चौथ्या महिन्याच्या सुमारास मुलगा म्हणूं लागतो, “नको हा पाय, कापून टाका.” तेव्हां दूरध्वनि जातो तो पुन्हां फेलोलाच. तो तारा तपासतो, व्यायाम दाखवितो, तंबाखू आणि विडी सोडल्यावांचून हाड नीट जुळणार नाहीं, हें न कंटाळतां बजावतो, आणि क्ष-किरण-चित्रांतील ती धुरकट, पांढरी रेघ दाखवून म्हणतो, “हें पाहा, तुमचें नवें हाड.”

आणि येथेंच या उमेदवारीची एक विलक्षण अडचण आहे. फेलोचें वर्ष पुष्कळदां त्या हाडाच्या आधीं संपतें. ज्या पायाची माती त्यानें पहिल्या रात्रीं धुतली, तो पाय जमिनीवर टेकलेला पाहण्याआधींच त्याला दुसऱ्या गांवीं जावें लागतें. जातांना तो सगळी हकीकत टिपणांत लिहून ठेवतो, आणि दुसरा फेलो तीच चकती, तीच वही, तीच चित्रें हातीं घेतो. स्वतः न पाहिलेल्या शेवटासाठीं नीट काम करून ठेवणें, ही त्याच्या परीक्षेंतील खरी कसोटी.

श्रोत्यांच्या हातीं यांतील थोडेंसें काम आहे. रस्त्यावर अपघात दिसल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेवर हळद किंवा माती न लावतां स्वच्छ कापड झांकावें, आणि पाय न ओढतां फळीचा आधार देऊन स्थिर करावा. मदत करणाऱ्याला विनाकारण त्रास होऊं नये म्हणून २०१९ च्या कायद्यानें संरक्षण दिलें आहे. तेव्हां पोलिसांच्या भयानें कोणीं पाठ फिरवूं नये. हाड मोडावयास एक क्षण लागतो आणि जोडावयास वर्ष. त्या वर्षांतला पहिला तास रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत असतो. तो त्यानें वायां घालवूं नये, एवढीच विनंती.