दोन फेरीबोटींच्या पलीकडचा रेमो

आवडत्या कलावंताला प्रत्यक्ष बघितलेली चार माणसं एकत्र आली की त्यांचं पहिलं भांडण त्याच्या गाण्यावरून होत नाही. त्या दिवशी त्याच्या हातात काय होतं आणि अंगात काय होतं, यावरून होतं. गेल्या चतुर्थीत मालवणला आमच्या घरी भजन आटोपलं, उसळपाव झाला, चहा झाला आणि पडवीत रेंगाळलेल्या पाचसहा जणांत विषय निघाला रेमो फर्नांडिसचा. एक म्हणाला, गिटार लाल होती. दुसऱ्याने मांडीवर थाप मारली. "लाल खंयची? पांढरी होती. मी पुढच्याच रांगेत होतंय." दोघे एकाच कार्यक्रमाला गेले होते, तेही एकाच स्कूटरवरून. वाद मध्यरात्र उलटेपर्यंत चालला आणि निकाल काही लागला नाही.

गणपतीपुढच्या भजनानंतर रॉक गाणारा माणूस कुठून आला, असं कुणाला वाटेल. त्याचं उत्तर नकाशात आहे. मालवणहून वेंगुर्ल्याकडे उतरा, तिथून शिरोडा, पुढे आरोंदा. आरोंद्याला तेरेखोलची खाडी लागते आणि समोर किरणपाणी, म्हणजे गोवा. तिथे फेरीबोट होती. मग पेडणे तालुक्यातून हरमल, मांद्रे करत चोपड्याला यायचं. तिथे शापोरा नदी आणि दुसरी फेरीबोट. ती ज्या धक्क्याला लागायची ते गाव शिवोली. रेमोचं गाव. आता दोन्ही ठिकाणी पूल झालेत आणि माणूस गाडीच्या काचा वर करून सुसाट निघून जातो. पण आमच्या उमेदीच्या काळात रेमो हा आमच्यापासून बरोब्बर दोन फेरीबोटींवर राहणारा माणूस होता. मुंबईचे गायक आम्हाला रेडिओत राहतात असं वाटायचं. हा शेजारच्या वाडीतला वाटायचा.

त्याचा जन्म १९५३ सालचा, पणजीतला. मुंबईत वास्तुशास्त्र शिकला, पण इमारती बांधायच्या सोडून गिटार घेऊन सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घालून आला. परत आल्यावर त्याने गाणी केली ती इंग्रजीत, पण गोव्याबद्दलची. मुंबईच्या कॅसेट कंपन्यांना त्यात रस नव्हता. इंग्रजीत गाणारा हिंदुस्थानी माणूस कोण विकत घेणार? मग रेमोने जे केलं, ते मला त्याच्या कुठल्याही गाण्यापेक्षा मोठं वाटतं. त्याने घरीच रेकॉर्डिंग केलं. चार ट्रॅकचं एक छोटं यंत्र असतं. साध्या कॅसेटच्याच फितीवर ते चार वेगवेगळ्या पट्ट्या पाडतं. एका पट्टीवर गिटार वाजवायची, ती कानात ऐकत दुसरीवर ताल धरायचा, मग दोन्ही मिळून तिसरीवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा नवं काही भरायचं. गायचं स्वतः, वाजवायचं स्वतः, वेष्टनावरचं चित्रही स्वतः काढायचं. १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' निघाली ती अशी. कॅसेटी स्कूटरवर लादून तो स्वतःच दुकानादुकानात देत फिरला. आमच्याकडे काजूगर विकणारा माणूस जसा दारोदार जातो, तसा.

पुढे १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक' आली. त्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावर गर्दचा धंदा फोफावला होता आणि तो काही तेरेखोलच्या खाडीला घाबरून थांबणारा नव्हता. त्याविरुद्ध गाणारा रॉकवाला, ही आमच्या घरच्या मोठ्या माणसांना उलटी गंगा वाटली. केस लांब ठेवणारा माणूस पोरांना नशा करू नका म्हणून सांगतो, म्हणजे काय! थेट राजीव गांधींना हाक मारून देशाची गाऱ्हाणी सांगणारं एक गाणंही त्याने केलं. ते त्याने त्यांच्यासमोर म्हटलं, वर्तमानपत्रांत त्यावर काहूर उठलं आणि पंतप्रधानांचं मात्र आवडल्याचं पत्र आलं. त्या पत्राची चर्चा आमच्या नाक्यावर महिनाभर पुरली.

आता प्रत्यक्ष बघण्याविषयी. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते नव्वदच्या आसपास, म्हापशाकडच्या एका मैदानावर. आम्ही तिघे, दोन गाड्या. इंग्रजी आमचं बेताचं. शाळेत आठवड्याला जेवढं पदरात पडलं तेवढंच. त्यामुळे पहिली दोन गाणी आम्ही हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखी ऐकली. मग त्याने गिटार बाजूला ठेवली आणि बासरी उचलली. आपली बांबूची. मागे ड्रम तसेच धडधडत होते आणि त्यावर ही बासरी. माझ्या शेजारी उभा असलेला मित्र भजनाला पखवाज वाजवणारा. त्याची बोटं मांडीवर कधी चालू लागली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गाण्यांच्या मध्ये रेमो कोंकणीत बोलायचा आणि ते मात्र आम्हाला सगळं कळायचं. कोंकणी आणि मालवणी यांच्यात किती अंतर, याचे वाद पंडितांनी घालावेत. मैदानावर ते अंतर नव्हतं. मग 'मारिया पिताशे' सुरू झालं. ते तर दमणकडच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीतलं, म्हणजे शब्द कुणालाच धड ठाऊक नाहीत, आणि सगळं मैदान ते गात होतं. आम्हीसुद्धा. पंढरीची वाट न चाललेला माणूससुद्धा गजराला हात वर करतो, तसंच ते.

परतताना शिवोलीची शेवटची फेरीबोट चुकली. कोलवाळच्या पुलावरून हायवेने बांदा गाठता आलं असतं, पण एका गाडीत पेट्रोल नव्हतं. धक्क्यावर बसून रात्र काढली. ती रात्र मला कार्यक्रमाइतकीच आठवते: भरतीचं पाणी धक्क्याला लागत होतं, डास फोडून खात होते आणि पखवाजवाला मित्र पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "एकट्यान कसा रे केल्यान ता? घरात?"

आमच्या त्या पडवीतल्या बैठकीत मालवणच्या एक निवृत्त टीचर होत्या. सगळं गाव त्यांना टीचरच म्हणतं. त्यांनी रेमोला आमच्याही आधी ऐकलेलं, पणजीला नातेवाइकांकडे राहिल्या असताना. त्यांच्या आईचं म्हणणं, चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या मुलीने असल्या धांगडधिंग्याला जाऊ नये. मावशीने गुपचूप नेलं. टीचर म्हणाल्या, कार्यक्रमाचं म्हणाल तर मला दोनच गाणी आठवतात, पण मावशीने त्या दिवशी माझ्या केसांत माळलेली आबोली आठवते. इथे आमच्यातला एक तरुण म्हणाला, "माझ्याकडे सगळा मोबायलार आसा." टीचरनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की पोराने मोबाइल खिशात घातला.

१९९५ मध्ये 'बॉम्बे' चित्रपटातलं 'हम्मा हम्मा' आलं, १९९८ मध्ये 'प्यार तो होना ही था', आणि रेमो सगळ्या देशाचा झाला. आम्हा जुन्या मंडळींना याचा अभिमान होता आणि थोडा मत्सरही. त्याच्या मायक्रोवेव्ह पापडम्स या बँडबरोबरच्या कार्यक्रमाला नंतर गेलो, तेव्हा मागून पोरं दर पाच मिनिटांनी हम्मा हम्मा ओरडत होती आणि आमचा वेंगुर्ल्याचा दोस्त त्यांच्यावर डाफरत होता, जसं काही रेमो त्याचा सख्खा चुलतभाऊ. माझं स्पष्ट मत असं, की चित्रपटांनी त्याला नाव दिलं, पण त्याचं खरं काम त्या आधीच्या घरगुती कॅसेटींत आहे. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे तो पोर्तुगालमध्ये राहायला गेला, २०२१ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. तो गेला म्हणून नाराज असलेलेही आमच्यात आहेत. त्यावर टीचरचं उत्तर ऐका: "आमचे अर्धे लोक मुंबयक नाय? ते चतुर्थीक येतत, तेंका आम्ही परके म्हणतंव काय?"

आता त्या पखवाजवाल्या मित्राचं सांगतो. तो आरोंद्याकडचा. त्याचे वडील पंचक्रोशीतले भजनी बुवा. आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. त्यांची कॅसेट काढायला कुठली कंपनी येणार? धक्क्यावरच्या त्या रात्रीनंतर मित्राने मस्कतहून आलेल्या मेव्हण्याचा डबल कॅसेटचा टेपरेकॉर्डर मागून आणला, दुसरा एक भाड्याने घेतला आणि भाताच्या कोठीच्या खोलीत स्टुडिओ थाटला. भिंतींना गोधड्या आणि गोणपाटं टांगली, आवाज घुमू नये म्हणून. चार ट्रॅक कुठले असणार! वडिलांचं गाणं आणि पेटी आधी एका कॅसेटवर घ्यायची, मग ती एका यंत्रावर लावून समोर पखवाज वाजवायचा आणि दोन्हीचं मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं. दर वेळी खरखर थोडी वाढायची. वडील वैतागले. "माझ्या पेटयेसमोर तुझी पेटी कित्याक?" म्हणाले. पण बसले. पावसाळ्यातल्या सात-आठ रात्री हे चाललं.

बुवांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेटींना आपल्याकडच्या दमट हवेत पांढरी बुरशी धरली होती. मित्राने कापसाने फीत इंच इंच पुसून काढली आणि कुडाळच्या एका स्टुडिओवाल्याकडून त्यातलं जेवढं वाचलं तेवढं उतरवून घेतलं. दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने ते ऐकवलं. रूपाचा अभंग आहे, गौळण आहे, मागे बेडूक ओरडताहेत, विहिरीचा रहाट वाजतोय. एका गजराच्या शेवटी बुवा थांबतात. पेटीचा भाता सोडल्याचा आवाज येतो आणि ते विचारतात, "झाला काय रे?"

त्यावर माझ्या मित्राचा विशीतला आवाज येतो: "टेप आसा अजून, बाबानू. गावा."