दंडावरचा सेन्सर निसटू नये म्हणून



आपल्या किंवा आपल्या घरातील कुणाच्या दंडावर ग्लुकोज मोजणारा, नाण्याएवढा सेन्सर असेल. त्याच्या तळाशी असलेला बारीक, लवचीक तंतू त्वचेखाली काही मिलिमीटर शिरलेला असतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. सेन्सर गळून पडला तर ते निदान लगेच ध्यानी येते. खरा धोका असतो तो अर्धवट सुटलेल्या सेन्सरचा. तंतू जागचा हलला, तरी पडद्यावर आकडा उमटत राहू शकतो, आणि त्याच आकड्यावर विसंबून आपण इन्सुलिनची मात्रा ठरवत असतो.

सेन्सर टिकणे हे बहुतांशी तो लावण्यापूर्वीच्या पाच-दहा मिनिटांवर अवलंबून असते. आपल्याकडे अंगाला खोबरेल लावण्याची सवय जुनी आहे. सेन्सर लावण्याच्या दिवशी मात्र त्या जागी तेल, क्रीम, पावडर यांपैकी काहीही नको. जागा साध्या साबणाने धुवावी, कोरडी करावी आणि स्पिरिटच्या पट्टीने पुसावी. स्पिरिट आपोआप वाळू द्यावे. घाईने फुंकर घालू नये. कढत पाण्याने अंघोळ करून लगेच सेन्सर लावल्यास त्वचेला घाम येतो व पट्टी नीट धरत नाही, म्हणून अंग निवू द्यावे. दाट केस असल्यास ते कापून घ्यावेत. व्रण, तीळ किंवा मागील सेन्सरची जागा टाळावी. सेन्सर बसवल्यावर पट्टीची कड बोटाने सर्व बाजूंनी दाबून घ्यावी.

पुढचे दिवस सांभाळायचे ते अंघोळीनंतर आणि कपडे बदलताना. टॉवेलने जागा चोळू नये, अलगद टिपावी. घट्ट बाही काढताना सेन्सरवर हात ठेवावा. खांद्यावरची पिशवी दुसऱ्या बाजूला घ्यावी. गर्दीच्या बसमध्ये तर आवर्जून. त्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे ग्लुकोज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

उन्हाळ्यात किंवा पावसाळी दमट हवेत कड सुटू लागली, तर सेन्सरसाठीच मिळणारी वरची पट्टी लावावी. सेन्सरच्या मध्यभागी छिद्र असल्यास ते झाकू नये. घरातला गोंद किंवा विजेच्या कामाची टेप कदापि वापरू नये. दंडाभोवती करकचून फडके बांधणेही नको.

सेन्सर निघालाच, तर तो पुन्हा टोचू अथवा चिकटवू नये. नवा सेन्सर लागेपर्यंत बोटाच्या थेंबावर ग्लुकोमीटरने तपासणी करावी. आकडा आणि अंगातली लक्षणे जुळत नसतील, तेव्हाही तेच करावे. ग्लुकोज ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळले आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

मुदत संपल्यावर सेन्सर ओढून काढू नका. ज्या खोबरेलाला आरंभी मज्जाव केला, ते आता उपयोगी पडते: कडेला थोडे लावून पट्टी सावकाश सोडवावी. त्या जागी खाज, पुरळ, सूज किंवा पू दिसल्यास पुढचा सेन्सर लावण्याआधी डॉक्टरांना अवश्य दाखवावे.