माकडतापाच्या औषधाला गिऱ्हाईक कोण?



कापूस-ज्वारीवाल्यांपुढे आम्ही आज सिंधुदुर्गाच्या काजूबागेची गोष्ट काढतो, कारण हिशेब आपलाच आहे.

माकडताप 1957 साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. 2016 साली सह्याद्रीच्या पायथ्याशी दोडामार्गात त्याची साथ आली. रानातली गोचीड चावते, ताप भरतो, कधी रक्तस्राव होतो. शंभरातले तीन ते पाच दगावतात. रोगावर नेमके औषध नाही. जुनी सरकारी लस पुरता गुण देईना. 2022 साली तीही थांबली.

असे का? देशात वर्षाला रोगी चार-पाचशे. तेही काजू वेचणारे, लाकूडफाटा आणणारे. एवढ्या गिऱ्हाइकीवर कोणती कंपनी भांडवल घालील? तिला शिव्या देऊन काय होणार? ज्याला भाव नाही ते पीक आपण तरी पेरतो का?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. औषध आणि लस कोणीही बनवावी. पण गुण सिद्ध झाला तर ठरल्या भावाने घेऊ, अशी लेखी हमी सरकारने आधी द्यावी.

काजूला बाजार आहे. तो वेचणाऱ्याच्या जिवाला का नसावा?